वहीत नसलेला शब्द

१

रीना गजभियेच्या रक्तात तोच जंतू दुसऱ्यांदा सापडला, तेव्हा नागपूरच्या डॉक्टरांनी तिच्या मोठ्या बहिणीला बाजूला घेऊन सांगितलं, "तिसऱ्यांदा सापडला, तर आमच्याकडे द्यायला औषध नाही."

दीपमालाने हे वाक्य भंडाऱ्यात रत्नमाला खोब्रागडेंच्या समोर बसून तीनदा सांगितलं, आणि तिन्ही वेळा तिचा चहा तसाच राहिला. रत्नमालाबाईंनी सरकारी दवाखान्याच्या लॅबमध्ये चौतीस वर्षं लोकांचं रक्त, लघवी आणि थुंकी तपासली होती. निवृत्तीनंतर बाईमाणसाने नातवंडं खेळवावीत, असा जगाचा आग्रह असतो. यांच्या हातात मात्र अजूनही कोणीतरी रिपोर्ट ठेवायचं आणि या चष्मा पुसून तो पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायच्या. दीपमालाची आई मंगलाबाई ही त्यांची जिवाभावाची मैत्रीण. दोघींनी तरुणपणी पवनीच्या दवाखान्यात एकत्र नोकरी केली होती, आणि रीना तर त्यांच्या अंगाखांद्यावर खेळलेली.

रीना सव्वीस वर्षांची, आसगावच्या ग्रामपंचायतीत संगणकावर काम करायची. जानेवारीत तिला रक्ताचा कॅन्सर निघाला. किमोने तो आटोक्यात आला, पण पुन्हा उलटू नये म्हणून दीपमालाचा बोनमॅरो तिला द्यायचं ठरलं होतं. बहिणी-बहिणींचा जुळलाही होता. भरतीची तारीख होती पंधरा डिसेंबर, आणि तिला आता तेवीस दिवस उरले होते.

"डॉक्टर अतुल म्हणतात, जंतू कुठून येऊन राहिला ते समजल्याशिवाय मी तिले आत घेत नाही," दीपमाला म्हणाली. "आत घेतल्यावर आधी तिच्या पांढऱ्या पेशी शून्यावर आणतात. तवा हा आला तर खेळ खतम. आन् तारीख पुढं ढकलली, तर तेवढ्यात कॅन्सर वापस येईन."

रत्नमालाबाईंनी रिपोर्ट पाहिला. अँटिबायोटिकांची नावं एकाखाली एक आणि बहुतेकांसमोर R. म्हणजे जंतू त्या औषधाला भीक घालत नाही. सगळं हरल्यावर जे शेवटचं देतात, त्या कोलिस्टिनसमोरसुद्धा R होता. एकच औषध जेमतेम चाललं होतं, तेही दुसऱ्या वेळी कुरकुरत. जंतूचं पक्कं नाव मोठ्या लॅबमधून अजून यायचं होतं.

"मावशी, माह्यावाला संशय संघपालवर हाय," दीपमाला खालच्या आवाजात म्हणाली.

संघपाल त्यांचा भाऊ. मोहाडीकडे कोंबड्यांच्या शेडवर कामाला होता आणि दर रविवारी घरी यायचा. "मोबाईलवर वाचलं मी. हेच शेवटचं औषध लोकं कोंबड्याईले खाऊ घालत होते. जंतू त्याले सरावला. मी त्याले सांगून देलं, घरात पाय ठेवू नको. तवापासून बाबा माह्याशी बोलत नाही आन् आई जेवत नाही."

"भावाले फाशी देण्याआधी मले एकदा घर तर पाहू दे," रत्नमालाबाई म्हणाल्या आणि एसटीचं वेळापत्रक शोधू लागल्या.

२

आसगावला मंगलाबाईंच्या घरात शिरणं हे एखाद्या ऑपरेशन थिएटरात शिरण्यापेक्षा अवघड काम होतं. चपला फाटकाबाहेर, हात साबणाने, मग कोपरापर्यंत पुन्हा साबणाने, तोंडावर मास्क, आणि एवढं झाल्यावर मग जयभीम. तीस वर्षं उपकेंद्रात नर्स राहिलेली ही बाई. अर्ध्या तालुक्याने जगातला पहिला श्वास हिच्या हातात घेतला होता, आणि उरलेल्या अर्ध्याला हिने लहानपणी नखं कापली नाहीत म्हणून रागावलं होतं.

"काय व रत्ना, लय वाळली तू," मंगलाबाई म्हणाल्या. स्वतः निम्म्या झाल्या होत्या.

रीना खाटेवर बसली होती. डोक्यावर केस नव्हते, पण ऐट तीच. औषध सोडायची जुनी नळी जंतू निघाला म्हणून डॉक्टरांनी काढली होती, आता दुसऱ्या दंडात नवी घातली होती. ती आठवड्यातून एकदा सलाइनने धुवावी लागते आणि तिच्यावरची पट्टी बदलावी लागते. त्यासाठी पोरीला नागपूरचे हेलपाटे नकोत म्हणून मंगलाबाई दवाखान्यात रीतसर शिकून आल्या होत्या.

"ताप कसा आला ते सांग मले," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"दोन्ही वेळा किमो होऊन आठ-दहा दिवस झाले होते, मावशी. दोन्ही वेळा रविवार. अकरा-साडेअकराले एकदम हुडहुडी भरली. दात वाजत होते माहे."

"आन् बाकीच्या रविवारी?"

"काहीच नाही. चंगी-भली."

रत्नमालाबाईंनी खोलीवर नजर फिरवली. फळीवर सलाइनच्या एकेका वेळेच्या छोट्या सीलबंद कुप्या होत्या. नव्या सुया, हातमोजे आणि उपकेंद्राच्या सवयीने ठेवलेली एक लांबट नोंदवही होती. बाजूला झाकणाचा स्टीलचा डबा, त्यात काठोकाठ पिवळं जंतुनाशक आणि त्यात बुडालेले कापसाचे बोळे. दवाखान्याने दिलेली स्पिरिटच्या बोळ्यांची सीलबंद पाकिटं मात्र गठ्ठ्याने तशीच पडून होती.

"हे काहून वापरत नाही?"

"स्पिरिटनं भणभण आग होते व तिले. किमोनं कातडी कांद्याच्या सालीवानी झाली. माहं पिवळं औषध मऊ हाय. उकळून थंड केलेल्या पाण्यात मीच बनवते. तुले तर माहीत हाय, माहा डबा कधी रिकामा दिसणार नाही."

रत्नमालाबाईंना माहीत होतं, आणि पुढची गोष्टही पाठ होती. मंगलाबाईंच्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एक बाळंतीण अडली, उपकेंद्रातला जंतुनाशकाचा डबा कोरडा पडलेला, वरून पुरवठा नाही, आणि ती बाई आठव्या दिवशी तापाने गेली. ही गोष्ट मंगलाबाई दर भेटीत सांगायच्या. रत्नमालाबाईंनी मैत्रिणीचा हात धरून ती याही वेळी ऐकली. खरं सांगायचं तर अर्ध्याच कानाने ऐकली, कारण त्यांचं लक्ष खिडकीबाहेर होतं. तिथे रीनाचे वडील परसराम घमेल्यावर पोतं टाकून काहीतरी झाकत होते.

परसरामजींना गाठायला त्यांना तलावाच्या पाळीपर्यंत जावं लागलं. घमेल्यात हिरवे, ताजे शिंगाडे होते.

"कच्चं काही खाऊ देऊ नका, असं डॉक्टरनं सांगतलं होतं ना जी?"

साठीतला तो उंच माणूस लहान पोरासारखा रडायला लागला. "बाई, पोरगी म्हणे, बाबा, एकच शिंगाडा. तोंडाची चव गेली तिची. रविवारी सकाळी मंगला नळी धुते आन् दहाच्या गाडीनं कोंढ्याले जाते, साडेअकराले वापस येते. ती गेली की मी सोलून देतो. दोन. कधी तीन. मीच मारून राहिलो माह्या पोरीले."

तलावाचं पाणी, कच्चा शिंगाडा, रविवार आणि दहानंतरची वेळ. सगळं नेमकं बसत होतं. रत्नमालाबाईंना मात्र ते फारच नेमकं बसल्यासारखं वाटलं.

"किती रविवार दिले?"

"शिंगाडे निघाले तवापासून. सगळेच."

"आन् पहिला ताप कवा आला?"

परसरामजींनी डोळे पुसले. "ऑगस्टात." मग त्यांनी घमेल्यातल्या शिंगाड्यांकडे पाहिलं, कारण ऑगस्टात तलावात शिंगाड्याच्या नुसत्या वेली असतात, हे त्यांना रत्नमालाबाईंनी शिकवायची गरज नव्हती.

३

दुसऱ्या दिवशी मोहाडीचा बाजार होता, त्या गर्दीच्या एसटीने रत्नमालाबाई शेडवर पोचल्या. संघपाल शेडच्या बाहेर उभा राहूनच बोलला. हात लावायला आला नाही, दहा पावलांवर थांबला.

"ताईनं पाठवलं ना तुमाले? विचारा मावशी, काय विचाराचं ते."

"कोंबड्याईच्या खाण्यात औषधाची पावडर टाकता का?"

"आता नाही. बंदी आली. आधीचं एक पोतं होतं, मालकानं जाळलं." त्याने मान खाली घातली. "पण मी घरी जाताना इथंच आंघोळ करतो, कपडे बदलतो. आईच्या हाताखालून निघालेला पोट्टा हाय मी."

"अंडी नेत होता घरी?"

"ब्रॉयलर अंडी देते का मावशी?" इतक्या दुःखातही त्याला हसू आलं, आणि रत्नमालाबाईंना आपल्या प्रश्नाची लाज वाटली. "आन् दुसरा ताप आला, तवा शेडवर नवी पिल्लं आली होती. पंधरा दिवस मी घरी गेलोच नाही. पण ताईले कोण सांगन? बोनमॅरोसाठी पहिले मीच हात पुढं केला होता. माहा जुळला नाही. तिचा जुळला. मी म्हणलं, चाला, कोणाचा तरी जुळला."

एवढं बोलून तो कोंबड्यांना पाणी दाखवायच्या निमित्ताने आत गेला. रत्नमालाबाई बाहेर उभ्या राहिल्या. दीपमालाचा कान कसा आणि किती वेळ पिळायचा, याचा त्या विचार करत होत्या, तेवढ्यात फोन वाजला. डॉक्टर अतुल होते.

"मॅडम, पक्कं नाव आलं. बर्कहोल्डेरिया."

रत्नमालाबाईंनी डोळे मिटले. नोकरीच्या चौतीस वर्षांत हा त्यांना दोनदाच भेटला होता. ओलीत राहणारा जंतू. धडधाकट माणसाला सहसा काही करत नाही, पण ज्याच्या पांढऱ्या पेशी पडल्या आहेत, त्याला सोडत नाही. कोलिस्टिनला हा दाद देत नाही, ते कोणी कोंबड्यांना औषध चारलं म्हणून नव्हे. हा जन्मापासूनच तसा हट्टी असतो. म्हणजे संघपाल सुटला.

"आणि मॅडम, अजून एक," अतुल म्हणाले. "गेल्या आठवड्यात एक म्हातारे ताप घेऊन आले होते. त्यांनाही रक्ताचाच कॅन्सर आहे. नळी काढली, बरे होऊन घरी गेले. त्यांचाही रिपोर्ट आज आला. तोच जंतू, हुबेहूब. पत्ता कोंढ्याचा आहे. तालुका पवनी."

४

कोंढ्यात नत्थूजींच्या अंगणात धानाची चुरणी-मळणी झाली होती आणि त्यांची बायको सुशीलाबाई भाताचं तणस गोळा करत होत्या. नत्थूजी सत्तरीचे, गळ्यात माळ, तोंडाचं बोळकं आणि स्वभाव गप्पिष्ट. तपासणीला कोणी बाई थेट घरी आली, याचं त्यांना भारी कौतुक वाटलं.

"शिंगाडे खाल्ले का जी, इतक्यात?"

"बाई, मले पेज गिळाले पंधरा मिनिटं लागते," नत्थूजी म्हणाले आणि पुरावा म्हणून तोंड उघडून दाखवलं.

"कोंबडी?"

"बाप्पा!" सुशीलाबाईंनी कानाला हात लावले. "या घरात आजपावतर अंडं आलं नाही."

पाणी नळाचं, तेही उकळलेलं. तलाव गावाच्या त्या टोकाला. रीनाचं नाव त्यांनी ऐकलं होतं, पण तिला कधी पाहिलेलं नव्हतं. नागपूरला दोघांचा वार वेगळा, वॉर्डही वेगळा. या दोन माणसांत सामाईक असं काहीच सापडेना. शेवटी रत्नमालाबाईंनी विचारलं, "ताप आला त्या दिवशी काय काय झालं होतं?"

"रविवार होता," सुशीलाबाई नवऱ्याकडे मान करून आठवत म्हणाल्या. "यायची नळी धुऊन झाली, मंगलाबाई गेल्या, आन् तासाभरात यायले अशी हुडहुडी भरली का तीन गोधड्या टाकल्या."

रत्नमालाबाईंच्या हातातला पेन थांबला. परसरामजींनी सांगितलेली दहाची कोंढ्याची गाडी त्यांना आता आठवली. "कोण मंगलाबाई?"

"आसगावच्या नर्सबाई. देवमाणूस हाय जी! पोरगी इतकी बिमार, तरी दर रविवारी येतात. त्या पट्टी शिकाले नागपूरले गेल्या, तवा ओळख झाली. त्याईनं यायले बसमधून उतरताना पाह्यलं आन् म्हणाल्या, बाबा, पट्टी मी करून देईन. चहासुद्धा घेत नाहीत, म्हणतात इन्फेक्शनचं घर हाय, मास्क काढत नाही."

परतीच्या एसटीत रत्नमालाबाईंना खिडकीची जागा मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही. दोन्ही घरांत जाणारी वस्तू एकच होती, आणि ती वस्तू म्हणजे त्यांची मैत्रीण. तिन्ही ताप नळी धुतल्यानंतर तास-दीड तासात आले होते. पण मंगला दर वेळी नवी सुई घेते, नवी कुपी फोडते, हात धुते, तो साठा आणि तो साबण तर त्यांनी स्वतः पाहिला होता. तिच्या हातून जंतू जाणार तरी कुठून?

आसगावला उतरून त्यांनी कसलंसं निमित्त काढून नोंदवही मागून घेतली. मंगलाबाईंनी ती लगेच दिली, उलट कोणीतरी आपली वही वाचतंय म्हणून खूश झाल्या. रत्नमालाबाईंनी पानांचे फोटो काढून डॉक्टर अतुलना पाठवले आणि स्वतः वाचायचं मात्र टाळलं. कारण वाचलं, तर सापडेल, अशी त्यांना भीती वाटत होती.

५

डॉक्टर अतुलचा फोन दुसऱ्या दिवशी सकाळी आला. माणूस हुशार होता, पण वाढला रायपूरला, शिकला इंग्रजीतून, आणि मराठी घरी आईपुरती.

"मॅडम, मला पॅटर्न सापडला! या घरात काहीतरी सारखं वाढतंय. बघा, सहा ऑगस्ट, कापूस वाढला. चौदा ऑगस्ट, हातमोजे वाढले. मग साबण वाढला, मीठ वाढलं, चिकटपट्टी वाढली. एवढा माल येतो कुठून? कोणी बाहेरचा माणूस आणून देतो का?"

आठवड्याभरात पहिल्यांदा रत्नमालाबाई खदखदून हसल्या. "अहो डॉक्टर, वाढलं म्हणजे संपलं! आमच्याकडे जुन्या बायका घरातली वस्तू संपली असं म्हणत नाहीत. अभद्र वाटतं. म्हणून वाढलं म्हणायचं. मंगला बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली बाई, नवस नाही, गंडादोरा नाही, पण मीठ संपलं म्हणायला तिची जीभ रेटत नाही. कापूस वाढला म्हणजे कापूस संपला, नवा आणला."

"अस्सं! म्हणजे सगळ्याच वस्तू वाढतात."

"सगळ्याच," रत्नमालाबाई म्हणाल्या. आणि त्यांचं हसू जिथल्या तिथे राहिलं.

त्यांनी वही ओढली आणि जानेवारीपासून एकेक पान उलटलं. कापूस चार वेळा वाढला होता. हातमोजे सहा वेळा. सलाइनच्या कुप्या, सुया, साबण, सगळं वाढलं होतं आणि पुन्हा आलं होतं. पिवळ्या औषधाची नोंद मात्र वेगळी होती. "डब्यात औषध घातलं." आठ दिवसांनी पुन्हा, "डब्यात औषध घातलं." मग, "डब्यात कापूस घातला." अख्ख्या वहीत औषध वाढल्याची नोंद एकदाही नव्हती. डबा धुतल्याचीही नव्हती. रिकामाच झाला नाही, तर धुणार कसा?

"डॉक्टर," त्या म्हणाल्या. "दही लावताना जुन्या दह्यातलं थोडं विरजण ठेवतात ना, तसं झालंय. ती जुन्या औषधावर नवं घालतेय. डबा कधी तळापर्यंत जात नाही. पाण्यात पातळ केलेलं जंतुनाशक, वर कापूस, तो औषधाचा जोर शोषून घेतो. बाकीचे जंतू मरतात. हा एकच त्यातसुद्धा जगतो, आणि दर आठवड्याला तिनेच केलेल्या ताज्या औषधात पुढे जातो. त्याच बोळ्याने ती नळीचं तोंड पुसते, मग सलाइन सोडते. कोंढ्याला जाताना डबीत त्यातलेच बोळे भरून नेत असणार."

"पण मग दर रविवारी ताप का नाही?"

"थोडेसे आत गेले तर पांढऱ्या पेशी त्यांना पुरून उरतात. रीनाच्या दोन्ही वेळा किमोने पडलेल्या होत्या. नत्थूजींच्याही तारखा काढून बघा."

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. मग अतुल म्हणाले, "बरोबर आहे. मॅडम, डबा आणा."

रत्नमालाबाई आत गेल्या. "मंगला, नागपूरचे म्हणतात, आता फक्त सीलबंद पाकिटंच वापराची. आन् हा डबा मी नेऊन राहिली. तपासाले."

मंगलाबाईंनी डब्याकडे पाहिलं, मग मैत्रिणीकडे. फडक्यात गुंडाळून डबा त्यांनी स्वतःच तिच्या हातात दिला.

६

तीन दिवसांनी अतुलचा निरोप आला. डब्यातला, रीनाच्या रक्तातला आणि नत्थूजींच्या रक्तातला जंतू एकच होता. उगम सापडला होता, तो बंद झाला होता, पंधरा डिसेंबर कायम राहिली होती. एवढी आनंदाची बातमी घेऊन इतक्या जड पायांनी रत्नमालाबाई आयुष्यात कुठे गेल्या नसतील.

डॉक्टरांनी दीपमालालाही कळवलं होतं, त्यामुळे फाटकाशीच तिघांनी त्यांना अडवलं. दीपमालाने फोनवर माफी मागून संघपालला बोलावून घेतलं होतं आणि त्याच्या शर्टाची बाही धरून उभी होती.

"मावशी, आईले सांगू नका," ती म्हणाली. "मरून जाईन ती."

"शिंगाड्यानं झालं म्हणा," परसरामजी म्हणाले. "माह्यावर टाका, बाई. मी ऐकून घेईन."

"ऑगस्टात शिंगाडा कुठला बाबा?" संघपाल म्हणाला. "कोंबड्याईवर टाका. माह्यावर. मले आता सवय झाली."

एका गुन्ह्यासाठी तीन जण रांगेत उभे राहिलेले रत्नमालाबाईंनी कधी पाहिले नव्हते. त्यांना तिघांनाही पोटाशी धरावंसं वाटलं आणि तिघांच्याही एकेक ठेवून द्यावीशी वाटली. "येडे झाले का?" त्या म्हणाल्या. "उद्या ती आणखी दहा जणाईची पट्टी करन. नवा डबा भरन. तिले नाही सांगतलं, तर—"

"डबाच ना?"

मंगलाबाई दारात उभ्या होत्या. "तू नेला तवाच समजलं, रत्ना. तीन दिवस झोपली नाही मी. सगळं आठवून पाह्यलं. दर वेळी त्याच बोळ्यानं पुसलं, मग सलाइन." त्या ओट्यावर बसल्या. "डबा रिकामा होता म्हणून एक बाई गेली होती. भरलेला होता म्हणून माही पोरगी चालली होती."

परसरामजी त्यांच्या शेजारी जाऊन बसले, जराही अंतर न ठेवता.

मंगलाबाईंनी विचारलं, "नत्थूभाऊले सांगतलं?"

"नाही. डॉक्टर सांगतीन."

"डॉक्टर काहून? त्याच्या दंडावर हात माहा होता." त्या उठल्या, पदर सारखा केला आणि दहाच्या गाडीसाठी निघाल्या. रत्नमालाबाईही सोबत गेल्या.

कोंढ्याला मंगलाबाईंनी काहीही झाकलं नाही, काहीही मऊ केलं नाही. डबा, बोळे, तारीख, सगळं सांगितलं. सुशीलाबाईंचा चेहरा उतरला. त्या नवऱ्याच्या दंडावरच्या जखमेच्या खुणेकडे बघत राहिल्या. राग आलाच होता, आणि तो यायलाच हवा होता.

"बाई," नत्थूजी म्हणाले, "तुमी नसतं सांगतलं, तर मले कोण सांगणार होतं?"

"कोणीच नाही."

"मंग झालं," नत्थूजी म्हणाले. सुशीलाबाईंना झालं असं वाटत नव्हतं, पण त्यांनी चहा टाकला. मंगलाबाईंनी मास्क काढला आणि तो चहा घेतला.

त्या दिवसानंतर मंगलाबाईंनी रीनाला हात लावणं सोडलं. पट्टी दीपमाला करायची, सीलबंद पाकिटातल्या बोळ्याने. मंगलाबाई उंबऱ्याबाहेर उभ्या राहून सूचना द्यायच्या, आत यायच्या नाहीत. रीना फुंकर घालत आग सहन करायची आणि आईकडे बघायची. आई दुसरीकडे बघायची.

पंधरा डिसेंबरला नागपूरच्या दवाखान्यात दोन काचेच्या दारांच्या अलीकडे सगळे जमले. आत पेशंटबरोबर एकच माणूस राहू शकणार होतं, पाच आठवडे, एकदा गेलं की बाहेर यायचं नाही. दीपमाला बोनमॅरो देणारी, ती बाद. मंगलाबाईंनी परस्पर सांगून टाकलं, "रत्ना राहीन. ती लॅबची हाय, तिले समजते."

"मावशी बाहेर राहीन," रीना म्हणाली. "आत आई."

"नाही." मंगलाबाई दोन पावलं मागे सरकल्या. "दोनदा माह्या हातानं आलं ते. तिसऱ्या वेळी—"

"हो, दोनदा तुह्या हातानं आलं," रीनाने व्हीलचेअरवरून सरळ सांगितलं. "आन् दोन्ही वेळा कोंढ्याहून येऊन पाच मिनिटांत ओळखलं कोणं? मी म्हणत होती, थंडी वाजून राहिली, पंखा बंद कर. तू पंख्याकडे पाह्यलं नाही, माह्या नखाईकडे पाह्यलं. बाबाच्या हाती फोन देला, गाडी बोलावली, तीन वाजाच्या आत मले इथं आणलं. डॉक्टरले विचार, एक तास उशीर झाला असता तर काय झालं असतं."

डॉक्टर अतुलना कोणी विचारलं नाही, तरी त्यांनी मान हलवली. "दोन्ही वेळा वेळेवर आणलं म्हणूनच रीना वाचली."

"आत मले ताप येईन, आई. सगळ्याईलेच येते. मले चुकलेला हात चालते. झोपलेला चालत नाही." रीनाने मांडीवरचा कागद पुढे केला. "सही कर."

मंगलाबाई रत्नमालाबाईंकडे वळल्या. इतक्या वर्षांत मैत्रिणीकडून कधी काही न मागितलेली ती बाई डोळ्यांनी काहीतरी मागत होती, बहुधा नकार. रत्नमालाबाईंनी पर्समधून पेन काढून तिच्या हातात दिला.

सोबत राहणाऱ्याचं नाव ही जागा कोरी होती. मंगलाबाईंनी तिथे आपलं नाव लिहिलं, उपकेंद्राच्या रजिस्टरात लिहायच्या तसं, सुटं आणि स्वच्छ. पेशंटशी नातं या पुढच्या रकान्यात रीनाने आधीच 'आई' लिहून ठेवलं होतं.

सिस्टरने आतलं दार उघडलं आणि मंगलाबाईंनी व्हीलचेअरच्या मुठी धरल्या.